काटकर अण्णा आणि अननस लावायचं यंत्र

माझी आई ताठ उभी आहे असं चित्र मला काही केल्या आठवत नाही. निपाणीजवळच्या आमच्या गावात ती दुसऱ्यांच्या शेतात तंबाखूची रोपं लावायला जायची. पाऊस पडून जमीन मऊ झाली की ती वाकायची, आणि लावण संपली तरी तिची पाठ काही सरळ व्हायची नाही. घरी आली की चुलीपुढे वाकायची. वडील तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. खोकून खोकून ते लवकर गेले. त्यानंतर कण्या आणि ताक हे आमचं जेवण, आणि मी आणि माझा भाऊ मिळून एक सदरा. तो सकाळच्या शाळेत, मी दुपारच्या. अशा घरातून मी बी.ई. मेकॅनिकल झालो. आमच्या घराण्यात माझ्या आधी सातवीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

बेंगळूरला पंप आणि उसाचे चरक बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नोकरीला लागलो, आणि पहिल्याच दिवशी माझा हा अभिमान काटकर अण्णांच्या तावडीत सापडला. अण्णा तिथले मुख्य डिझायनर. उंच, काटकुळे, धोतरावर काळा कोट आणि डोक्याला म्हैसुरी पद्धतीचा रुमाल. रुमालात खोचलेल्या तीन पेन्सिली. तरी ते चौथी शोधत होते.

"बी.ई.?" त्यांनी मला विचारलं. "पूर्ण?"

"हो, पूर्ण."

"सर्टिफिकेट आणलंस?"

"आणलंय."

"बरं केलंस. ह्या टेबलाचा एक पाय आखूड आहे."

माझं तोंड उतरलेलं पाहून ते इतके हसले की पेन्सिली खाली पडल्या. मग त्यांनी माझं सर्टिफिकेट खरंच हातात घेतलं, स्टुलावर चढले आणि सगळ्या शेडला ते मोठ्यानं वाचून दाखवलं, सही-शिक्क्यासकट. "टाळ्या वाजवा रे! माझ्या शेडमध्ये पहिला बी.ई. आलाय. मी नुसता डिप्लोमावाला. आजपासून हा चुकला तर चूक शिकलेली असेल!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पदवीसाठी त्याआधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. गावात तर लोकांना वाटलं होतं, मी बस कंडक्टर झालोय.

अण्णांचं घराणं बेंगळुरात तीनशे वर्षं. "आम्ही घोड्यावरून इथं आलो तेव्हा हे गाव म्हणजे एक तळं आणि चार बगळे," ते सांगायचे. "बगळ्यांना विचारून राहिलो." चिकपेटेतल्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि राग आला की दोन्ही एकदम. माझ्या बोलण्यावर ते हसायचे. म्हणायचे, "तुमची मराठी पुण्याकडं तोंड करून बसते की रे. आमची आहे तिथंच मांडी घालून बसलीय."

कारखान्याच्या फाटकासमोर एक हॉटेल होतं. बेंगळुरात एक कॉफी दोघांत अर्धी-अर्धी घेतात, तिला वन बाय टू म्हणतात. अण्णा एकटे जायचे आणि वन बाय टू मागवायचे. दोन्ही कप स्वतःपुढे.

"दुसरा कुणाला, अण्णा?" मी एकदा विचारलं.

"मलाच. पहिला घाईत प्यायचा, दुसरा विचार करायला. पूर्ण कप घेतला तर घाईतच संपतो, विचाराला काही उरत नाही."

यंत्रांशी ते नातेवाइकांसारखे बोलायचे. पंप म्हणजे जावई, मिनतवाऱ्या केल्याशिवाय चालत नाही. जुनं लेथ म्हणजे सासूबाई, कुरकुरते पण काम चोख. ड्रॉईंग बोर्डवर मी फार वेळ रमलो की मागून येऊन म्हणायचे, "बी.ई., कागदावर फक्त मुंगी चालते. यंत्र खाली उतरव."

आमच्या मालकांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. पंप विकावेत आणि शांत झोपावं, एवढीच त्यांची आयुष्याकडून मागणी. पण अण्णांवर त्यांचा जीव होता, म्हणून आवारातली मागची शेड त्यांनी 'नव्या यंत्रांसाठी' अण्णांना दिली होती. त्या शेडमध्ये अण्णा, मी, फिटर मुनियप्पा आणि थोडी पोरं. तिथून अजून विकण्यासारखं काही बाहेर पडलं नव्हतं. शेंगा फोडायचं यंत्र केलं, त्यातून सरळ शेंगदाण्याची चटणी यायची. साहेबांच्या घरी ती सगळ्यांना आवडली. यंत्र मात्र कुणी घेतलं नाही.

अशात डोंगराळ मुलखातल्या सागर गावाकडचे एक मोठे बागाईतदार आले. त्यांना आम्ही गौडर म्हणायचो. भारदस्त माणूस, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर साहेबी टोपी. त्यांना अननसाची बाग वाढवायची होती, पण लावायला माणसं मिळत नव्हती. "अननस लावायचं यंत्र करता येईल काय?" त्यांनी विचारलं.

"का नाही?" अण्णा म्हणाले. त्यांनी त्या दिवसापर्यंत अननसाची बाग पाहिलेली नव्हती.

ती पाहायला ते गौडरांच्या जीपमधून गेले. परत आले ते गप्प. अण्णा गप्प ही घटना एवढी मोठी की मुनियप्पानं लेथ बंद केलं. दुपारी अण्णा शेडच्या मधोमध आले, कोट काढला, कमरेत वाकले आणि तसेच चालायला लागले. दोन पावलं, जमिनीत हात खुपसायचा, पुन्हा दोन पावलं.

"उभे काय राहिलात? वाका!"

आम्ही वाकलो. मी, मुनियप्पा, पोरं, हिशेब विचारायला आलेला कारकून, सगळे अण्णांच्या मागे वाकून शेडला फेऱ्या मारायला लागलो. नेमके त्याच वेळी साहेब पंपाच्या एका बड्या गिऱ्हाइकाला कारखाना दाखवत तिथं आले. दारातच थबकले.

"काय हरवलंय, काटकर?"

"कंबर, साहेब!" अण्णा खालूनच म्हणाले.

गिऱ्हाईक हसलं, साहेब नाही. फेऱ्या चालूच राहिल्या. शेवटी अण्णा टप्प्याटप्प्यानं सरळ झाले, जुना दरवाजा उघडावा तसे कुरकुरत. "कळलं आता? त्या बायका असं दिवसभर करतात. चढावर. उन्हात. त्यांच्या कमरा मी बघून आलोय. ह्यापुढं अननस लावायला कुणी वाकणार नाही. वाकायचं काय, हातसुद्धा लागणार नाही! वरून ओतायचे, खाली आपोआप लागत जायचे." मला त्यात नवीन काही नव्हतं. पण त्या दिवसापासून मी अण्णांचा झालो.

साहेबांनी अट घातली. पावसाळ्याच्या तोंडाला चाचणी. यंत्र चाललं तर ठीक. नाही चाललं तर मागची शेड पंपांच्या गोदामाला, आणि अण्णा पंपांच्या रंगकामावर. आमच्या पंपांना एकच रंग असायचा, हिरवा. "मरेन," अण्णा मला म्हणाले, "पण हिरवा रंग देणार नाही." बोलले हसत, पण त्या दिवशी त्यांनी दुसरा कप तसाच ठेवला.

काम सुरू झालं. अननस कसा लावतात? चिकपेटेतल्या कुणालाही विचारा. फळ कापायचं, वरचा हिरवा शेंडा मातीत रोवायचा. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अक्कांनी, मागच्या अंगणात तसाच एक लावला होता. म्हणजे चाचणीला शेंडे हवेत. शेंडे हवेत म्हणजे अननस हवेत. मार्केटातून हातगाडी भरून अननस यायला लागले. मुनियप्पा शेंडे पिरगळून काढायचा आणि खालचं फळ आम्ही खायचो.

पहिला आठवडा मजेत गेला. मग सगळ्यांच्या जिभा सोलवटल्या. कारकुनाला 'स' म्हणता येईना. अक्कांनी अननसाचं गोड-तिखट गोज्जू केलं, अननसाचा शिरा केला, सार केलं, लोणचं घातलं. गल्लीतल्या घरोघरी डबे गेले, तिथून ते रिकामे यायचे, मग भरलेलेच परत यायला लागले. एकदा मी अण्णांकडे जेवायला गेलो. अक्कांनी माझ्यापुढं ताट ठेवलं आणि मला म्हणाल्या, "मारुती, घाबरू नको. नुसती भात-आमटी आहे. अननस मी शेजारच्या म्हशीला घातला."

"खाल्ला तिनं?" अण्णांनी उत्सुकतेनं विचारलं.

"हुंगला आणि तुमच्यासारखी बघत बसली."

पण यंत्र बनत गेलं, आणि काय देखणं बनत गेलं! ट्रॅक्टरच्या मागं ओढायचं. पुढं चर पाडणारा फाळ, वर शेंडे ओतायचा मोठा डबा, डब्यातून खाली उतरणारी साखळी, साखळीला स्प्रिंगचे चिमटे. प्रत्येक चिमटा एक शेंडा उचलणार, खाली नेऊन चरात उभा धरणार आणि सोडणार. मागून दोन तिरकी चाकं माती दाबत येणार. चिमट्याचं माप मी काढलं होतं. ढीगभर शेंडे मोजून सरासरी काढली होती, बी.ई.च्या इतमामानं. आवारात वाळू पसरून आम्ही यंत्र चालवलं. शेंडे असे उभे राहिले की जणू शाळेत प्रार्थनेला पोरं. अण्णांनी रुमाल हवेत उडवला. मुनियप्पानं मला उचललं. साहेबांनीसुद्धा मान हलवली.

चाचणी ठरली शहराबाहेर, के. आर. पुरमच्या पलीकडे. तिथं तेव्हा तळी, नाचणीची शेतं आणि तांबडी माती. साहेबांची थोडी जमीन होती, ती नांगरून ठेवली होती. साहेब खुर्ची टाकून बसले. गौडर सागरहून आपल्या बागेतल्या काही बायकांना घेऊन आले. शेजारच्या पट्ट्यात त्या हातानं लावणार, म्हणजे दोन्ही कामं ताडून बघता येतील. लावायचा माल त्यांनी लॉरीतून आणला होता.

मुनियप्पानं पहिलं पोतं उघडलं आणि तसंच पुन्हा बंद केलं.

"अण्णा," तो म्हणाला, "स्वल्प इकडं या."

पोत्यात शेंडे नव्हते. झाडाच्या बुडातून, बगलेतून निघतात ते फुटवे होते. हातभर लांब, कुठला तलवारीसारखा वाकडा, कुठला मुळीसकट, कडांना काटे. एकाचं माप दुसऱ्याला नाही.

"शेंडे कुठायत?" अण्णांनी गौडरांना विचारलं.

"कसले शेंडे? शेंडे फळाबरोबर बाजारात जातात की हो. बागेत आम्ही फुटवेच लावतो. तुम्ही आला होता तेव्हा ह्या बायका तेच लावत होत्या. बघितलं नाही?"

अण्णा माझ्याकडं वळले. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "बी.ई.," ते हळूच म्हणाले, "मी कमरा बघत होतो रे. हातात काय आहे ते बघितलंच नाही."

मला हसू आलं. ते दाबायला गेलो आणि नाकातून आवाज निघाला. मुनियप्पा पोत्यामागं बसला. मग अण्णाच हसायला लागले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खुर्चीवर साहेब घड्याळ बघत होते.

पळून जाणं शक्य नव्हतं. डब्यात फुटवे ओतले, मुनियप्पानं ट्रॅक्टर सुरू केला. पहिला फुटवा चिमट्यात आडवा अडकला. दुसरा उलटा लागला, मुळं आकाशाकडं. तिसरा चिमट्यानं वाकवून धरला आणि स्प्रिंगनं असा भिरकावला की गौडरांची साहेबी टोपी उडाली. सागरच्या बायकांनी कामं सोडली आणि पदर तोंडाला लावून त्या बांधावर येऊन बसल्या. चौथा साहेबांच्या मांडीवर. साहेबांनी तो उचलला, बघितला आणि शांतपणे खुर्चीखाली ठेवला.

अण्णा यंत्राच्या मागं धावत होते. "अय्यो, सासूबाई, सरळ धरा! सरळ!" रुमाल काढून त्यांनी डब्याला दोन फटके मारले. मग डबाच उपसला, फुटवे पोत्यात भरले, पोतं यंत्रावर टाकलं आणि स्वतः वर चढले. मागच्या चाकांच्या वर हत्यारांची पेटी बांधलेली होती, तिच्यावर बसले, ट्रॅक्टरकडे पाठ करून. "चल मुनियप्पा! ह्याला शिकवतोच मी! असा धरायचा! असा! बघ, असा सोडायचा! आलं लक्षात, गाढवा?" पोत्यातला एकेक फुटवा घेऊन ते चिमट्यात सरळ धरत होते, वाकडा असेल तर हातानं वळवत होते, चिमटा खाली जात होता, माती दाबली जात होती. शिव्या दोन्ही भाषांत चालू होत्या. ट्रॅक्टर पट्ट्याच्या टोकाला पोचला, पोतं संपलं आणि अण्णा खाली उतरले. तोंडावर तांबडी धूळ, हातांना ओरखडे.

ते साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. "फेल," ते म्हणाले. "शेड घ्या. ब्रश कुठं मिळतो तेवढं सांगा."

साहेब त्यांच्याकडं बघतच नव्हते. गौडरही नाही. सगळे अण्णांच्या मागं बघत होते. तिथं शेताच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटव्यांची एक ओळ ताठ उभी होती. अण्णा सोडून सगळ्यांना ती दिसत होती.

"काटकर," साहेब म्हणाले, "ही ओळ कुणी लावली?"

अण्णा वळले. बघत राहिले. मग म्हणाले, "ही धरायची नाही. ही मी लावली. हात लावला."

"पण वाकलात का?" मी विचारलं.

ह्या प्रश्नावर अण्णा इतके चिडले की माझ्याशी बोलेनात. परतताना लॉरीत ते एकटेच पुटपुटत होते. "हात लागला तर ते यंत्र कसलं? ती बैलगाडी झाली! उद्या म्हणशील पंपात बसून पाणी उपस." कारखान्यासमोरच्या हॉटेलात त्यांनी एकदम दोन वन बाय टू मागवल्या. चारही कप ओळीनं मांडले. चारही विचार करत प्यायले. मी समोर बसून होतो.

चौथा कप ठेवताना ते म्हणाले, "पेटी टोचते."

"काय?"

"बसायला. हत्यारांची पेटी फार टोचते. तिथं गादीची सीट पाहिजे. दोन. दोघी बसतील, समोरासमोर नको, शेजारी. बोलत बोलत लावतील. पाय ठेवायला फळी. वर ऊन लागू नये म्हणून कापड." रुमालातली पेन्सिल काढून त्यांनी टेबलावरच रेघा ओढायला सुरुवात केली. हॉटेलवाला ओरडला. अण्णा त्याला म्हणाले, "सरी सरी, बरं बाबा, टेबल मी विकत घेतो."

पुढच्या महिन्यात पुन्हा के. आर. पुरम. चिमट्यांना आता रबर होतं, वाकडा-सरळ कसाही फुटवा धरणारं. सागरच्या दोघी बायका सीटवर बसल्या. आधी त्यांना बसायला लाज वाटत होती. "धनी समोर असताना बसून काम कसं करायचं?" त्यातली थोरली म्हणाली. अण्णांनी गौडरांना दोन्ही खांद्यांना धरून उलटं फिरवलं. "आता ते बघत नाहीत. बसा." ट्रॅक्टर चालू झाला. पहिल्या ओळीत त्या गप्प होत्या. दुसऱ्या ओळीला थोरली सुनेची गाऱ्हाणी सांगायला लागली आणि ओळ संपली तरी गाऱ्हाणी संपली नव्हती.

दिवस मावळला तेव्हा अण्णा तिच्यापुढं गेले. फार गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "अम्मा, कंबर कशी आहे?"

तिनं दोन्ही हातांनी चाचपून बघितली. "आहे जागेवर."

हे अक्कांच्या कानावर गेलं. "अननस राहिले बाजूला," त्या म्हणाल्या, "हे कमरांचे डॉक्टर झाले."

यंत्र गौडरांनी घेतलं. शेड राहिली. पंपांना हिरवा रंग दुसऱ्याच कुणीतरी दिला. मला त्याच सुमारास हुबळीला वरच्या जागेची नोकरी मिळाली, आणि यंत्र सागरला निघालं त्या सकाळी मी निरोप घ्यायला आवारात गेलो. लॉरीवर यंत्र दोरांनी बांधलेलं होतं. अण्णा ड्रायव्हरशेजारी बसायला तयार नव्हते. ते यंत्राच्या सीटवर बसले होते, कोट घालून, रुमाल नीट बांधून, अक्कांनी दिलेला डबा मांडीवर.

"अण्णा, पडाल!" मी ओरडलो.

"पडलो तर सरळ उभाच पडेन! हात लावून बनवलंय!"

लॉरी फाटकाबाहेर गेली. सीट मागं तोंड करून असल्यामुळं अण्णा जात होते, पण तोंड आमच्याकडं होतं. रस्ताभर ते आमच्याकडं बघत, डबा एका हातानं सांभाळत, दुसऱ्या हातानं पेन्सिल हलवत लहान लहान होत गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

त्या पावसाळ्यात गौडरांच्या बागेतली अननसाची सगळी नवी लागवड बायकांनी बसून केली.